ओबुआसीला जायचंय? खाणीच्या गावात पाहुणं म्हणून कसं जायचं

घानाला येणारे आपले लोक बहुतेक करून अक्रा बघतात, केप कोस्टचा किल्ला बघतात, काकुमच्या जंगलातला झुलता पूल करतात आणि परत जातात. कुमासीपर्यंत थोडे पोचतात. ओबुआसीला कुणी जात नाही, कारण तिथे "बघायला काय आहे" असा प्रश्न येतो. मी बल्लारपूरची, कोळशाच्या खाणीजवळ लहानाची मोठी झाले, शिफ्टच्या भोंग्यावर घरातला चहा ठेवला जायचा, त्यामुळे मला हा प्रश्न कधी पडला नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे अक्राजवळच्या टेमाला राहत होतो तेव्हा मी तीनदा ओबुआसीला गेले, त्यातलं एकदा एकटी. आता ओळखीतले कुणी ना कुणी विचारत असतात की कसं जायचं, सेफ आहे का, सोनं बघायला मिळतं का, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

आधी हे गाव काय आहे ते थोडं. कुमासीच्या दक्षिणेला साधारण ६० किलोमीटरवर, अदान्सीच्या डोंगरांत. नावाचा अर्थ "खडकाखाली". इथे लोक सोनं फार आधीपासून काढत होते, पण मोठी कंपनी आली १८९७ मध्ये. त्याआधी केप कोस्टकडच्या तीन फांटी व्यापाऱ्यांनी इथली जागा घेऊन ठेवली होती, त्यांच्याकडून एडविन केड नावाच्या इंग्रजाने हक्क घेतले आणि अशांती गोल्डफील्ड्स कॉर्पोरेशन उभी केली (अशांती म्हणजे कुमासीचं जुनं राज्य आणि तिथले लोक), १०० चौरस मैलांचा पट्टा, ९० वर्षांच्या कराराने. १९०२ मध्ये किनाऱ्यावरच्या सेकोंदीहून येणारी रेल्वे ओबुआसीला पोचली, पुढच्या वर्षी कुमासीला. म्हणजे ती गाडी आधी सोन्यासाठी आली, माणसांसाठी नंतर. २००४ मध्ये ती कंपनी दक्षिण आफ्रिकेच्या अँग्लोगोल्डमध्ये विलीन झाली आणि नाव झालं अँग्लोगोल्ड अशांती. २०१४ च्या शेवटी खाण बंद पडली, हजारो लोकांची नोकरी गेली, २०१९ मध्ये पुन्हा नव्याने सुरू झाली. हे २०१४ लक्षात ठेवा. गावात कुणाशीही दहा मिनिटं बोललात की ते निघतंच, आपल्याकडे घरात मोठं माणूस गेलेलं साल जसं काढतात ना तसं. "तेव्हा माझं दुकान होतं", "तेव्हा मुलगा शाळेत होता".

आता तयारी. सगळ्यात आधी यलो फिव्हरची लस, व्हिसाच्याही आधी. तिच्या पिवळ्या कार्डाशिवाय घानात प्रवेश नाही, आणि बरेच जण विसरतात ते म्हणजे भारतात परत येतानाही ते कार्ड मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रातच मिळते, गल्लीतल्या डॉक्टरकडे नाही, आणि घेतल्यानंतर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, म्हणून तिकिटाच्या तारखेच्या निदान महिनाभर आधी हे उरकून टाका. एकदा घेतली की आता ती जन्मभर चालते. कार्ड पासपोर्टच्या आतच ठेवा, चेक इन बॅगेत अजिबात नको.

दुसरं मलेरिया. इथला मलेरिया आपल्याकडच्या नेहमीच्या हिवतापापेक्षा वाईट, फाल्सिपेरम प्रकारचा, डोक्यात जाऊ शकतो. "आम्ही भारतातले, आम्हाला सवय आहे" हे वाक्य मी कितीतरी लोकांच्या तोंडून ऐकलंय आणि त्यातले दोन जण हॉस्पिटलात पडलेले पाहिलेत. आपल्याला कसलीही सवय नाहीये. जायच्या आधी डॉक्टरला सांगून प्रतिबंधाच्या गोळ्या घ्या, कुठली गोळी कधी सुरू करायची आणि परत आल्यावर किती दिवस घ्यायची ते प्रत्येकीचं वेगळं असतं, ते लिहून घ्या. संध्याकाळी पूर्ण बाह्या, पायात मोजे, अंगाला डास पळवायचं क्रीम. खोली घेताना खिडकीची जाळी हात लावून बघा.

कधी जायचं? नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत पाऊस नसतो, पण सहारातून हारमॅटनचा वारा येतो, आभाळ धुळीने पांढरं, ओठ फुटतात, घसा कोरडा. तरी मी हेच दिवस सांगेन, कारण जूनमध्ये ओबुआसीचे चढउताराचे रस्ते लाल चिखल होतात आणि चालणं अवघड होतं. दमा असेल तर ऑगस्ट बरा, दोन पावसांच्या मधली उघडीप असते आणि हवाही थंड.

पोचायचं कसं तर मुंबईहून अदिस अबाबा, दुबई किंवा नैरोबीमार्गे अक्रा. अक्राहून कुमासी साधारण २५० किलोमीटर, एसी बस मिळतात, सहा तास धरून चला. विमानही आहे पण मी बसच सांगेन, कोकोची झाडं, बांबू, रस्त्याच्या कडेला केळफण्यांचे ढीग, सगळं बघत जाता येतं. फक्त रात्रीचा प्रवास टाळा, या रस्त्यावर अंधारात अपघात फार होतात. कुमासीत एक रात्र राहा, दोन राहिलात तर उत्तम, का ते पुढे सांगते. तिथून ओबुआसीला ट्रोट्रो. ट्रोट्रो म्हणजे आपली काळीपिवळी, वडाप, जे म्हणाल ते, सीट भरल्याशिवाय हलत नाही, आणि दारात उभा राहून गावाचं नाव ओरडणारा पोरगा असतो त्याला मेट म्हणतात. कुमासीत गाड्यांचे अड्डे बरेच आहेत, ओबुआसीची गाडी कुठून सुटते ते हॉटेलवाल्याला सकाळी विचारून मगच निघा. पैसे गाडी चालू झाल्यावर मेटला द्यायचे, सुटे ठेवा, मोठी नोट काढली की सगळी गाडी खोळंबते. टॅक्सीवाल्याने "ड्रॉपिंग?" विचारलं तर त्याचा अर्थ अख्खी गाडी तुमच्या एकट्यासाठी, भाडंही तसंच. शेअरमध्ये जायचं असेल तर आधीच तसं सांगा.

आणि इथे एक गोष्ट जरा थांबून सांगते कारण बाकी सगळं हिच्यावर अवलंबून आहे. घानात आधी नमस्कार, मग काम. दुकानात शिरून थेट "पाणी द्या" म्हणणं उद्धट वाटतं त्यांना. सकाळी "मा आचे", दुपारी "मा आहा", संध्याकाळी "मा अजो". मग "एते सेन", म्हणजे कसं काय, मग तुमचं काम, शेवटी "मेदासे", आभार. चार शब्द आहेत, विमानात पाठ होतात. माणसं ओळीने बसली असतील तर उजव्या टोकापासून एकेकाला हात मिळवत डावीकडे जायचं, मधूनच सुरुवात करायची नाही. डाव्या हाताने पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत, बोटही दाखवायचं नाही, हे आपल्याला आजीने शिकवलंच आहे त्यामुळे सोपं जातं. कुणी जेवत असताना तुम्ही जवळून गेलात तर ते म्हणतील "यू आर इन्व्हायटेड", अगदी आपलं "या जेवायला", आणि उत्तरही तसंच, हसून आभार मानायचे आणि पुढे जायचं.

पोरं "ओब्रोनी, ओब्रोनी" ओरडत मागे येतील. परदेशी माणूस, एवढाच अर्थ, राग मानायचा नाही. त्यात आपण भारतीय म्हटल्यावर बायका फार खूश होतात कारण आपली हिंदी मालिका ट्वी भाषेत डब होऊन तिथल्या टीव्हीवर तुफान चालली. मला एका टोमॅटोवालीने खलनायिकेचं पुढे काय होणार ते विचारलं होतं आणि मी ती बघत नाही म्हटल्यावर तिला खरंच वाईट वाटलं. तुमचा जन्मवार कुठला ते घरून विचारून जा. अकान लोकांत वारावरून नाव असतं, शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे, रविवारची मुलगी अकोसुआ, गुरुवारची या. वार सांगितला की लगेच तुम्हाला नाव मिळतं आणि मग त्याच नावाने हाक मारतात. मी शनिवारची म्हणून आमा. तिसऱ्या खेपेला गेले तर खानावळीतून आवाज आला, "आमा इंडिया!"

राहायला साधी गेस्टहाऊस आहेत, फार अपेक्षा ठेवू नका. लाइट जाते, तिला तिथे दुमसोर म्हणतात, "जाते येते" असाच अर्थ, जनरेटर आहे का विचारा. प्लग इंग्लंडसारखे चौकोनी तीन पिनांचे असतात, ॲडॉप्टर न्या. कॅश तिथल्या चलनात, सेडीमध्ये ठेवा, कार्ड चालेलच असं नाही, मोबाइल मनी मात्र भाजीवालीकडेही चालतं. पाणी प्लास्टिकच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीत मिळतं, कोपरा दाताने फाडून प्यायचं, त्याला "प्युअर वॉटर" म्हणतात, सीलबंद बाटली मिळाली तर ती घ्या. झऱ्याचं, ओढ्याचं, हातपंपाचं पाणी ओबुआसीत तोंडात घालू नका, कितीही स्वच्छ दिसो. इथल्या सोन्याच्या दगडात आर्सेनिक आहे, शंभर वर्षं दगड भाजून आणि दळून तो आजूबाजूच्या मातीत पाण्यात उतरलाय, आणि तो दिसत नाही, चवीलाही कळत नाही.

शाकाहारी लोकांनी घाबरून जायचं कारण नाही पण विचारून खायचं. रेड रेड म्हणजे पाम तेलातली चवळी आणि तळलेली पिकी प्लँटेन केळी, हे आपल्याला सगळ्यात आवडतं. वाचे म्हणजे भातचवळी, सकाळी पानात बांधून मिळते, पण तिच्यावर घालतात ती काळी शिटो चटणी सुक्या मासळीची असते, ती नको सांगा. "मेन्वे नाम" म्हणजे मी मांसमच्छी खात नाही. भाजलेलं केळं आणि शेंगदाणे रस्त्यावर मिळतात, संध्याकाळी केलेवेले, आल्यामिरचीत घोळून तळलेली केळी, त्यावर मी दोन दोन दिवस काढलेत. खाणारे असाल तर फुफू आणि लाइट सूप खाच. फुफू म्हणजे उकडलेला कसावा आणि प्लँटेन कांडून केलेला मऊ गोळा, तो चावायचा नाही, बोटांनी तोडून रश्श्यात बुडवून गिळायचा. दुपारी गल्लीतून चाललात की घराघरातून उखळ मुसळाचा आवाज येतो, एक जण उभ्याने मुसळ मारतो आणि एक बाई खाली बसून प्रत्येक दोन घावांच्या मधे हात घालून गोळा उलटवते, नजर दुसरीकडेच, तोंडाने शेजारणीशी गप्पा चालू, आणि हात बरोबर वेळेवर आत जातो आणि बाहेर येतो. माझी आई पोहे कांडताना बघितलेली आहे मी, तरी इथे श्वास रोखला जातो.

आता खाण. खाण बघायला मिळते का, तर हे तिकीट काढून बघायचं ठिकाण नाही. जमिनीखाली कामं चालू असलेली खाण आहे, बोगदे दीड किलोमीटरच्या आसपास खोल गेलेत. कुणाची खरी ओळख असेल, अभ्यास असेल, तर कंपनीला आधीच लेखी विचारा आणि परवानगी हातात आली तरच जा. गेटवर जाऊन रखवालदाराला पैसे द्यायचा प्रयत्न अजिबात करू नका. गेट, कुंपण, पोलिस, सैनिक, चेकपोस्ट, यांचे फोटो काढू नका, लांबून झूम करूनही नाही. जानेवारी २०२५ मध्ये खाणीच्या हद्दीत शिरलेल्या लोकांवर सैनिकांनी गोळीबार केला, माणसं मेली, मग गावात गाड्या जाळल्या गेल्या. अशा गावात कुंपणाजवळ फोन वर धरून उभं राहणाऱ्या परक्या माणसाकडे कसं बघतील, विचार करा.

पण खाण न बघताही खाण दिसते. सकाळी लवकर उठा, शिफ्टच्या वेळेला रस्त्याच्या कडेला केंकीवालीच्या टोपल्याजवळ उभं राहा, केंकी म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा उकडलेला गोळा. अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचे डांगरी कपडे, हातात हेल्मेट, गमबूट, एका हाताने मक्याच्या पानातली केंकी सोलणं आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला. रात्रपाळीची माणसं उलट दिशेने येतात, त्यांचे डोळे वेगळे असतात, उजेडात आल्यावर थोडे बारीक केलेले. हे मी बल्लारपूरला रोज पाहिलंय, बाबांचे असेच व्हायचे. मग चालत गावाचे दोन भाग बघा. एकीकडे कंपनीची वसाहत, हिरवळ, रांगेत बंगले, आणि डोंगराच्या अंगावर एकावर एक चढलेली गंजलेल्या पत्र्यांची घरं. जुना रेल्वे रूळ गवतात दिसतो. लेन क्ले स्टेडियम बघा, कंपनीच्याच पैशाने चाललेला इथला फुटबॉल क्लब १९९७ मध्ये आफ्रिकेच्या चॅम्पियन्स लीगच्या फायनलपर्यंत गेला होता आणि कासाब्लांकाच्या राजा क्लबकडून पेनल्टीवर हरला, चाळिशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, तो सामना काल झाल्यासारखा सांगतात.

गलामसे हा शब्द तुम्ही पहिल्या दिवशीच ऐकाल. "गॅदर देम अँड सेल" या इंग्रजीपासून झालेला, विनापरवाना सोनं काढणं. खाण बंद पडली तेव्हा याच कामावर कितीतरी घरं तगली, आणि याच कामाने ओफिन, प्रा, अंकोब्रा या नद्या दुधाच्या चहासारख्या झाल्यात. दोन्ही खरं आहे, म्हणून तिथे बसून कुणाला उपदेश करू नका. कुणी म्हणेल चल तुला दाखवतो, तर जाऊ नका. खड्डे कधीही कोसळतात, छापा पडला तर परदेशी माणूस पहिला पकडला जातो, कायद्याने लहान खाणीचं लायसन्स फक्त घानाच्या नागरिकालाच मिळतं, आणि २०१३ मध्ये हजारो चिनी माणसांना याच कारणाने देशाबाहेर काढलं होतं. शिवाय पारा. एकदा एका अंगणात मी नकळत पोचले होते. एका तरुण पोराने ओल्या काळ्या रेतीत पाऱ्याचा थेंब टाकला, उघड्या बोटांनी मळला, फडक्यात घालून पिळला आणि मुगाएवढी करडी गोळी हातावर ठेवून मला दाखवली, मग ती गॅसच्या ज्योतीवर धरली. गोळी हळूहळू पिवळी झाली. शेजारी त्याची लहान बहीण बसलेली. तो धूर म्हणजे पारा आहे, तो फुप्फुसातून थेट आत जातो. मी त्या मुलीला हाक मारून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि काहीतरी खेळत बसले. त्यापुढे काय करायला हवं होतं ते मला अजून सुचत नाही. तुम्ही अशा ठिकाणी सापडलात तर वारा जिकडून येतोय त्या बाजूला व्हा आणि निघा.

सोनं विकत घ्यायचा विचार पूर्ण काढून टाका. स्वस्तात बिस्किट, भुकटी, गावठी सोनं, कुणी हॉटेलच्या लॉबीत भेटून सांगेल, कुणी चर्चमधल्या काकांची ओळख देईल. परदेशी माणसाला फसवायची ही सगळ्यात जुनी पद्धत आहे आणि २०२५ पासून तर स्थानिक सोनेबाजारात परदेशी लोकांना व्यवहार करायला कायद्यानेच बंदी आहे, सगळी खरेदी सरकारच्या गोल्ड बोर्डातर्फे. म्हणजे सोनं खरं निघालं तरी तुम्ही अडचणीत.

सोनं बघायचं असेल तर कुमासीत बघा, म्हणून तिथे दोन रात्री म्हटलं. मनह्या राजवाड्याच्या म्युझियममध्ये अशांती राजांचे दागिने आहेत, आणि १८७४ च्या लढाईत ब्रिटिशांनी लुटून नेलेल्यांपैकी काही वस्तू २०२४ मध्ये लंडनहून आल्या त्या उसन्या म्हणून. लुटलेलं उसनं परत मिळतं, मला ते वाचून राग आला होता, आपल्याकडच्या लोकांनाही येईल. सोन्याचं आसन, सिका द्वा कोफी, शुक्रवारी जन्मलेलं सोन्याचं आसन, ते दाखवत नाहीत. ते अशांतींचा आत्मा आहे, १९०० मध्ये इंग्रज गव्हर्नरने त्यावर बसायला मागितलं म्हणून "या असंतेवा" नावाच्या राणीमातेने लढाई पुकारली होती.

शनिवारी ओबुआसीत असाल तर रस्त्यात मंडप, खुर्च्या, मोठे स्पीकर आणि काळ्या लाल कपड्यांतली माणसं दिसतील. लग्न नाही ते, अंत्यविधी आहे. आपलं पांढरं तसं त्यांचं काळंलाल. कुणी बोलावलं तर जा, गडद कपडे घाला, रांगेतल्या सगळ्यांना हात मिळवा आणि थोडे पैसे द्या, ते माइकवरून जाहीर करतात, लाजायचं नाही. फोटो विचारल्याशिवाय नको. एक गडद कुडता यासाठीच बॅगेत टाका. रविवारी सकाळी सगळं गाव चर्चमध्ये असतं, दुकानं बंद, तो दिवस प्रवासाला ठेवा.

परतताना बोसोम्त्वे तलाव गाठा, कुमासीपासून तासाभरावर, आबोनो गावात उतरायचं. लोणारसारखाच उल्कापाताने झालेला, फक्त लोणारचं विवर पावणेदोन किलोमीटरचं आणि हे दहा किलोमीटरच्या वर. लोणार पाहिलेल्या माणसाला काठावर उभं राहिल्यावर लगेच कळतं की हा गोल कशाचा आहे. अशांती लोक म्हणतात मेलेल्यांचे आत्मे देवाचा निरोप घ्यायला इथे येतात. कोळी जुन्या रीतीप्रमाणे होडीऐवजी लाकडाच्या फळीवर पालथे झोपून हाताने वल्हवत जातात.

वेळ जास्त असेल तर ओबुआसीहून दक्षिणेला डुन्क्वावरून तार्क्वाला जा, तिथे उघड्या खाणी आहेत, खाणकामाचं विद्यापीठ आहे, आणि जवळच न्सुताला मँगनीजची खाण, भंडाऱ्याच्या डोंगरी बुजुर्गकडच्या लोकांना तो काळा डोंगर ओळखीचा वाटेल. तिथून पुढे ताकोराडीला समुद्र.

घरी आल्यावर गोळ्या मधेच सोडू नका, सांगितलेत तितके दिवस पूर्ण घ्या. आणि परतल्यानंतर तीन महिन्यांत, कधी वर्षभरातही, ताप आला तर डॉक्टरकडे गेल्या गेल्या पहिलं वाक्य हे बोला की मी पश्चिम आफ्रिकेतून आलेय, मलेरियाची टेस्ट आजच करा. व्हायरल असेल, दोन दिवस बघू, असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका, लॅबमध्ये स्वतः चालत जा.